आईच्या साडीला ऊन

आईची लग्नातली साडी पांढरी रेशमी होती. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात नवरी पांढरंच नेसते. लग्नानंतर आईनं ती पुन्हा कधी नेसली नाही. जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि आम्हाला सांगून ठेवलं, मला पुरताना हीच नेसवायची.

दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी ती साडी बाहेर निघायची. सकाळचं कोवळं ऊन तिला दाखवायचं, जुनी घडी मोडायची आणि दुसरीकडून नवी घालायची. रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथंच चिरतं, हे आईचं ठाम मत. मग ताजा कडुलिंबाचा पाला घालून पेटी बंद. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोललेलंही तिला खपायचं नाही.

मला या लाडांचा राग यायचा. मी शाळेत शिकवते, रोज बीडहून लिंबागणेशला बसनं जाते. सुट्टीचा एक दिवस मिळायचा, तो मातीत जाणाऱ्या साडीपायी घालवायचा? एकदा पाळकांनी उपदेशात सांगितलं, इथं साठवलेल्याला कसर लागते, गंज चढतो, तेव्हा ठेव स्वर्गात असू द्या. घरी आल्या आल्या मी आईला टोमणा मारला. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मातीला जायची हाय, ठाऊक हाय मला. मी बी जायचीच हाय. पर जाईस्तोवर नीट ठेवायचं का न्हाई?"

पुढं ती न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं आणि तिनं जी खाट धरली ती धरलीच. तिचं सगळं मी केलं. खोटं कशाला सांगू, कुरकुरत केलं. पहिल्याच ईस्टरला तिनं खाटेवरून विचारलं, "साडीला ऊन दिलंस का गं?"

"दिलं," मी म्हणाले. पेटीवर गाद्या रचलेल्या होत्या. त्या कोण उतरवणार?

दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, आण इकडं, हात तरी लावू दे. मी गाद्या ढकलून गाठोडं काढलं आणि तिच्या पोटावर ठेवलं. तिची बोटं गाठ सोडण्याच्या कामाची राहिली नव्हती. तिनं वरूनच हात फिरवला आणि माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, तू हाईस म्हणून निभतंय. त्या वेळी तरी मी गाठ सोडायला हवी होती. मी गाठोडं उचलून परत पेटीत टाकलं.

ती गेली मे महिन्यात. उन्हाळा असला की आमच्याकडं माती त्याच दिवशी करावी लागते. चर्चच्या मंडळीतल्या बायका अंघोळ घालायला आल्या. मी गाठोडं सोडलं, साडी झटकली, आणि ती माझ्या हातात घडीघडीवर फाटत गेली. काठाची जर काळी पडली होती. मग मीच म्हणाले की तीन वर्षं मी हिला ऊन दिलं नाही, आईशी खोटं बोलले.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातातून साडी घेतली. खाली माझी एक सुती साडी नेसवली, वरून ते रेशमाचे तुकडे नीट जुळवून पांघरले, पदर तेवढा धड होता तो डोक्यावरून घेतला. "रडू नको पोरी," ती म्हणाली. "तिकडं तिला नवी मिळंल. ती न्हाई फाटायची."

माझा त्यावर विश्वास आहे. लहानपणापासून आहे आणि आई गेल्यावर जास्तच आहे. पण तिला नवी नको होती, तिला हीच हवी होती. एवढं एकच तिनं आयुष्यभर मागितलं होतं, आणि ते मला जमलं नाही.

कबरीपाशी सगळ्यांनी माझी समजूत घातली की भेट होणार आहे, हा काही शेवट नव्हे. मी मान हलवली. भेट होणार, हे मलाही ठाऊक आहे. ती आधी मला जवळ घेईल, जेवलीस का विचारेल. आणि मग साडीचं विचारेल. तिथं खोटं बोलायची सोय नाही.