माचाचा फेस
ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, पण आज नया नगरच्या नव्या कॅफेतून माचाचा ओल्या गवतासारखा वास आला आणि वाटलं, लिहूनच टाकावं. सूनबाईने हौसेने त्या जपानी चहाची हिरवी पूड आणली होती. सासूने एकदा तरी तो पिऊन छान म्हणावं, एवढीच तिची इच्छा. बांबूच्या घुसळणीने ती वाडग्यात रोज खटपट करायची, पण फेस काही येईना. बायको हसायची, "चहा करतेस की ताक? फेस आला तर मीही पिईन, जा!" एका रविवारी सून गरम पाणी आणायला वळली, तेवढ्यात मी माझ्या ॲसिडिटीच्या पावडरीचं अर्धं पाकीट वाडग्यात टाकलं. पाणी पडताच असा फेस चढला की सून ओरडलीच, "आई, बघा!" बायकोने शब्द पाळून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, खारट आहे गं हे!" पूडच खराब निघाली असं समजून सुनेने अख्खा डबा फेकला आणि पुन्हा कधी माचा केला नाही. मी मात्र पेपरामागे हसू दाबत बसलो होतो. आज ती नेहमीचा आल्याचा चहा घेऊन आली, तेव्हा धीर करून म्हटलं, "सूनबाई, त्या रविवारी..." "काय झालं, बाबा?" "काही नाही गं, साखर जरा कमी वाटतेय."