लिंबोणीला घातलेलं कूलरचं पाणी

मे महिन्यात आमचं चंद्रपूर कूलरच्या भरवशावर जगतं. आमच्या घरात त्याच कूलरवरून तीस वर्षं भांडण. आठवड्यातून एकदा हे त्याच्या टाकीत उरलेलं पाणी सरळ नालीत सोडून द्यायचे आणि माझा जीव तुटायचा. परसातली झाडं माना टाकून उभी, आणि यांचा हा दिलदारपणा! मी कटकट करायची, हे दुप्पट आवाजात ओरडायचे. माघार घेणं दोघांनाही ठाऊक नव्हतं.

यंदा होळीनंतर यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण जीभ जड झाली. भेटायला आलेल्या एकाला यांचं बोलणं कळेना, त्याने तीनतीनदा विचारलं. त्या दिवसापासून यांनी बोलणंच सोडलं. पाणी हवं तर बोट, चादर हवी तर बोट. डॉक्टर म्हणाले, बोलले तरच जीभ सुटेल. मी मुद्दाम जुनी भांडणं उकरून काढली, पण हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला याहून मोठी शिक्षा नाही. मी फार घाबरले होते.

कूलरचं पाणी मात्र आता माझ्या ताब्यात आलं होतं. मी ते बादल्या भरभरून यांच्या लाडक्या लिंबोणीला घातलं. महिनाभरात पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळायला लागली. उन्हाने असेल म्हणून मी आणखी घातलं.

आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. तासभर दणकून पाऊस झाला. वीज गेली, कूलर बंद पडला, तशा मी खिडक्या उघडल्या. मोगऱ्याची पानं धुऊन निघाली होती, तोंडलीच्या वेलावरून पाणी ठिबकत होतं. ओल्या मातीचा वास आत आला आणि हे आपणहून उठून बसले. मागच्या दाराकडे बोट केलं.

"चिखल हाय जी, घसरान," मी म्हणाले. खरी भीती लिंबोणीची होती. पण यांनी डाव्या हातात काठी घेतलीही होती.

मोगऱ्यापाशी हे जरा थांबले, मग थेट लिंबोणीकडे गेले. बुडाशी पांढरा थर पावसानेही पुरता विरघळला नव्हता. यांनी तो काठीने उकरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कू...लरचं पानी?"

"हो जी. मीच टाकलं."

"का...ऊन?"

"वाया जाते म्हनून."

मग मात्र बांध फुटला. "नालीतच जाऊ दे म्हनून तीस साल बोंबलून राह्यलो! आपल्या बोअरचं पानी खारं. कूलरमंदी पानी उडून जाते, खार उरते. झाड मारून राह्यली का तू? ऐकत काऊन नाई?"

'खार' शब्द तीनदा अडकला. कपाळावर घाम आला, तोंड वाकडं झालं, पण हे थांबले नाहीत. मग आळ्यात साचलेलं पाणी, न काढलेलं गवत, सगळ्यावरून माझा उद्धार सुरू झाला.

तीस वर्षं नुसते ओरडलात, हे कारण कधी एकदा तरी सांगितलं? उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं. डोळे मात्र ऐकेनात. माझं रडणं बघून हे गप्प व्हायला लागले, तशी मी घाईघाईने यांचा हात धरला.

"थांबू नोका जी. अजून रागवा मले."