बांगडीएवढं वर्तुळ

शालनसारखी भित्री बाई आमच्या अख्ख्या कोपर गावात शोधून सापडायची नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जायची. नवऱ्याचा फोन लागला नाही की ही दारात येऊन उभी राहायची. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे मला सगळं दिसायचं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस गं बाई," मी म्हणायची. मी बोलणारच, माझं तोंड कोण धरणार?

शेवटी तिच्या सान्वीने, कॉलेजातल्या पोरीने, काळी पेनं आणून दिली. "आई, मधोमध ठिपका काढ आणि त्याच्याभोवती गोल गोल पाकळ्या काढत बस. मंडला म्हणतात याला. टेन्शन जातं." शालनने कंपास काही घेतला नाही. लहान गोलाला हातातली बांगडी, मोठ्याला बशी, त्याहून मोठ्याला पोह्यांच्या डब्याचं झाकण. आणि खरं सांगते, गुण आला. पाकळ्या भरता भरता तिचा श्वास संथ व्हायचा. एका दुपारी तर पेन हातात धरून घोरत होती.

त्याच सुमारास बातमी आली, पालिकेची माणसं बिल्डिंग तपासायला येणार. आमची बिल्डिंग जुनी, भाड्याची. धोकादायक ठरली की नोटीस, नोटीस आली की घराबाहेर, आणि एकदा बाहेर पडलो की मालक परत आत घेतो कशाला? मग आम्ही काय शहाणपणा केला, तर घराघरातल्या भेगा पुट्टीने बुजवल्या आणि वरून रंग मारला. मीही मारला. शालनच्या नवऱ्याने, संदेशने, आतल्या खोलीतली खांबाजवळची भेग बुजवली आणि बायकोला म्हणाला, "यावर काढ तुझं मंडला. मस्त दिसेल." तिने चांगलं परातीएवढं काढलं. पाहणीला आलेला माणूस म्हणाला, "वा, घरात कलाकार आहे," आणि पुढे गेला. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते आमचे.

गणपती झाले आणि एका सकाळी शालनने हाक मारली. "काकू, जरा या ना." चेहरा पांढराफटक. "ही पाकळी मी अशी नव्हती काढली." बघते तर मधल्या कमळाची पाकळी चिरलेली आणि तिचा खालचा तुकडा किंचित घसरलेला. तिने बांगडी काढून आतल्या गोलावर ठेवली. वरची बाजू बसली. खालची काही केल्या बसेना.

मलाही ते दिसलं. तोंडाने मात्र म्हटलं, "अगं, काढताना हात हलला असेल."

संदेश तर भडकलाच. "आता भिंतीला पण घाबरायला लागलीस? वाकडं तूच काढलंस. आणि जायचं कुठे? घर रिकामं दिसलं की मालक कुलूप बदलेल!" एरवी शालन रडली असती. त्या दिवशी तिने बांगडी त्याच्या हातात दिली. "माझा हात हलतो ना? मग तुम्ही काढा."

त्याने पाकळ्यांच्या बाजूला, भेगेच्याच रेषेवर, बांगडी दाबून धरली. ठसठशीत गोल ओढला आणि आत स्वतःची सही ठोकली. "आता बोल."

पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. शालन सान्वीला घेऊन खाली गेटजवळ खुर्ची टाकून बसायची, रांधण्यापुरती वर यायची. संदेश रजा टाकून घर धरून बसलेला. त्याचा खोकला खाली ऐकू आला की तिला बरं वाटायचं, थांबला की ती उठून उभी राहायची. माझीही पाचावर धारण बसलेली. कुणाचं भांडं पडलं तरी मी दाराकडे पळायची. "अगं, दोन पाकळ्या काढ, शांत वाटेल," म्हटलं, तर म्हणाली, "काकू, आता गोल बघितला तरी धडकी भरते."

एका सकाळी मी साखर मागायला गेले तेव्हा संदेश भिंतीपाशी उभा होता. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने बांगडी आपल्या गोलावर ठेवत होता. फिरवली. पुन्हा ठेवली. त्याच्या सहीचे दोन तुकडे झाले होते.

"काकू," तो एवढंच म्हणाला. मग एकदम जिन्यात धावला आणि दारं बडवायला लागला. "बाहेर पडा! अरे, टीव्ही राहू दे रे, बाहेर पडा!" शिव्या देत, लोकांची पोरं काखेत मारून त्याने बिल्डिंग रिकामी केली. लोक उतरले, पण याला वेड लागलं म्हणतच. संध्याकाळी काही जण परत वर निघाले, तर शालन पहिल्या पायरीवर आडवी बसली. झुरळाला घाबरणारी शालन! "माझ्या अंगावरून जा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागची बाजू कोसळली. तो आवाज मला सांगता यायचा नाही. धूळ बसली तेव्हा तिच्या आतल्या खोलीच्या जागी नुसतं आभाळ दिसत होतं. कुणी मेलं नाही. कुणी मेलं नाही, असं मी अजून मनाशी म्हणत असते.

मी आता ठाकुर्लीला मुलाकडे असते. ते तिघं माजिवड्याला, नव्या टॉवरमध्ये भाड्याने. परवा भेटायला गेले. भिंती गुळगुळीत, आणि प्रत्येक भिंतीवर, खांबापाशी, खिडकीखाली, बांगडीएवढा एकेक गोल. पाकळ्या नाहीत, नक्षी नाही.

"काय गं, मंडला सोडलंस?"

"भरायला धीर होत नाही, काकू."

तेवढ्यात संदेश कामाला निघाला. दाराशी थांबून त्याने हात पुढे केला. शालनने बांगडी काढून दिली. तो खोल्यांमधून फिरला. "बसली," आतून आवाज आला. "इथे पण बसली." सगळ्या गोलांवर बसली तेव्हा कुठे त्याने बूट घातले.

घरी आल्या आल्या मी सुनेकडे पेन मागितलं.

"काय आई, तुम्ही पण मंडला शिकताय?" ती हसली.

"हो," मी म्हटलं आणि बांगडी काढली.