सासऱ्यांचा गोड घाम

आधी कपातला च्या संपवा. मधीच हसू आलं तर शर्टावर सांडंल, मग मला बोल लावू नका. सांगतोय ती फजिती माझीच हाय, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमानबी हाय!

तुम्हाला ठाऊकच हाय, आमचं तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ. आगीतलं आणि गुळातलं मला कुणी शिकवायचं न्हाई. जिभेवर नुसता थेंब टेकवला की सांगतो, ऊस कुठल्या मळ्याचा!

तर झालं काय, ऐन थंडीत सासरे आले, कुरुंदवाडहून. चांगलं आठ-दहा दिवस राहायचं म्हणून. आमचं घर गगनबावड्याच्या रस्त्याला, मळ्यात. वारं सुटलं की दात वाजत्यात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. पहिल्याच सकाळी मामा म्हणाले, "पावणं, गुडघं धरलं. मी उद्याच्या गाडीनं चाललो."

झालं! बायकोचं, सुमनचं, तोंड एवढंसं झालं. किती वर्षांनी तिचा बा राहायला आलेला. मला म्हणाली, "आगीतलं लई कळतंय न्हवं तुम्हाला? मग एक खोली तापवून दावा की!"

असं म्हटल्यावर गडी गप बसतोय व्हय?

खोलीत लाकडं जाळायची लोखंडी शेगडी होती. पण तिचं धुराडं मागच्या भिंतीतनं सरळ भाईर. म्हणजे जळण आमचं आणि ऊब गोठ्यातल्या म्हशीला! मग मी नळ्या जोडल्या, धुराडं आधी खोलीतल्या भिंतीभिंतीनं चढतं फिरवलं आणि पार शेवटाला भाईर काढलं. धूर भाईर, पर तापलेली नळी घरात. डोकं बघा की राव!

संध्याकाळी शेगडी पेटवली. अहाहा! मामांनी मफलर काढला, मग स्वेटर काढला. त्यांची खुर्ची मी खास नळीखाली मांडलेली, सगळ्यात उबदार जागी. "पावणं, मानलं तुम्हाला," म्हणाले. माझी छाती अशी फुगली की बटणं तुटायची बाकी! गुळाचा वास सुटलेला, पण गुऱ्हाळवाल्याच्या घरात तो कधी नसतोय?

एवढ्यात मामांच्या टकलावरनं ओघळ आला तो मिशीत, मिशीतनं ओठावर. त्यांनी जीभ फिरवली आणि चेहरा पांढराफटक!

"सुमे, माझा घाम गोड लागतोय गं!"

मामांना साखरेचा जुना आजार. "साखर टाळूला चढली!" म्हणत त्यांनी डोळंच मिटलं. सुमन रडायला लागली, "अवो, बघा की काय झालं ते!" मी त्यांच्या कपाळावर बोट फिरवून चाखलं. गोडच! आणि खरं सांगतो, चव ओळखीची वाटली. पण सासऱ्याच्या घामाची चव आपल्या ओळखीची असंल कशी?

"जीप काढतो, कोल्हापूरला न्यायचं!" मी ओरडलो. त्यांना उचलायला वाकलो, तर माझ्याच कपाळावरनं ओघळ ओठावर. गोड!

मी मटकन खाली बसलो. "सुमे, मलाबी झाली गं! आता गुऱ्हाळ कोण बघायचं?"

"अवो, जरा वर बघा की!" सुमन किंचाळली.

वर बघितलं. ओल लागू नये म्हणून आमच्यात गुळाच्या ढेपा उंच फळीवर ठेवत्यात. त्या निवडून मीच ठेवलेल्या. फळीला घासून नळी गेलेली, ती मीच नेलेली. आणि त्याखाली खुर्ची, तीबी मीच मांडलेली! ढेपा निवांत पाझरत होत्या.

मामांनी एक डोळा उघडला. वर बघितलं, मग माझ्याकडं. मिशी पुसली.

"पावणं, उद्याची गाडी रद्द. खोली एक नंबर तापवलीसा. महिनाभर राहतो!"

मी परत छाती फुगवली. तेवढ्यात मामांनी टक्कल माझ्यापुढं वाकवलं.

"आता जरा नीट चाखून सांगा, ह्यो ऊस कुठल्या मळ्याचा?"