सरी म्हणजे हो नव्हे

लग्न होऊन मी साताऱ्याहून चेन्नईला आले तेव्हा तमिळमधला पहिला शब्द शिकले तो 'सरी'. आमच्याकडे सरी पावसाच्या असतात. इथे भाजीवाली म्हणते सरी, रिक्षावाला म्हणतो सरी, आणि आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, समोरच्याच्या प्रत्येक वाक्यामागे म्हणायचे सरी. बरोबर, ठीक, बरं, असे त्याचे सगळे अर्थ मला घरच्यांनी सांगितले. त्यातला कुठला कधी घ्यायचा ते मात्र कुणी सांगितलं नाही, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

मामंजींचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखातच राहिलेलं. ते 'मज', 'ठाऊक', 'पाहूं' असं बोलायचे. त्यांची मराठी मला पोथीसारखी वाटायची आणि माझी त्यांना वर्तमानपत्रासारखी. चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ते तिथल्याच घरात राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे ते एकटेच असायचे. मी आणि नवरा शहराच्या मध्यात, नुंगंबाक्कमला.

इतका मोकळ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी चिडणार आहे. दारावर धर्मप्रचाराला कुणी आलं तर मामंजी त्यांना आत बसवून कॉफी द्यायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढे प्रश्न विचारायचे, की शेवटी तीच माणसं घड्याळ बघत उठायची. एकदा एका जुन्या शब्दाचा अर्थ ते चुकीचा धरून बसले होते. मी तो शब्दकोशात दाखवला, तर तंजावरपर्यंतच्या नातेवाइकांना फोन करकरून सांगत सुटले, सून बरोबर आणि मी चूक. "मज चूक दाखव गे," म्हणायचे, "मज आनंदच होतो." आणि खरोखर व्हायचा.

फक्त एका गोष्टीला हात लावायची सोय नव्हती. ती म्हणजे एन्नोरचा वारा.

घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला, थोडं लांब, विजेच्या कारखान्यांच्या चिमण्या. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की ते कोळशाच्या राखेने करडं होई. मी सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी पुन्हा पुसावं लागे. मामंजींना खोकला लागला, मग जिना चढताना मध्ये थांबायला लागले. आम्ही त्यांना नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीचे फोटो बघून डॉक्टर स्पष्टच म्हणाले, फुप्फुसं खराब होत चालली आहेत, यांना या हवेतून आधी हलवा. मामंजींनी मन लावून ऐकलं, दोन चांगल्या शंकाही विचारल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगला माणूस. पण त्यास आमचा वारा ठाऊक नाही."

त्यांचं म्हणणं असं, की दुपारी समुद्रावरून कडलकात्तु येतो, म्हणजे समुद्राचा वारा. तो राख गावाकडे ढकलतो. आपलं घर समुद्राच्या बाजूला, तेव्हा आपल्याकडे येते ती निव्वळ औषधी हवा. म्हणून त्यांच्या खोलीतली समुद्राकडची खिडकी कायम सताड उघडी.

"आणि रात्री वारा उलटतो, त्याचं काय?" मी विचारलं. "तुम्हीच शिकवलंत ना इतकी वर्षं मुलांना?"

"सरी!" वर्गातल्या कुणी अचूक उत्तर द्यावं तसे ते खूश झाले. "रात्रीं उलटतो. अगदीं सरी."

खिडकी उघडीच राहिली.

दर रविवारी मी एन्नोरला जायचे आणि डोकेफोड करायचे. नवरा अंबत्तूरच्या ऑफिसात आठवडाभर पिचून रविवारी लोळत पडायचा. म्हणायचा, "अप्पा ऐकून घेतायत ना? मग पटेल कधीतरी." मलाही तसंच वाटायचं. ऐकायलाच तयार नसलेल्या माणसाशी भांडता येतं, त्याच्यावर ओरडता येतं. हा माणूस माझं प्रत्येक वाक्य नीट उचलून, निरखून, मान डोलावून माझ्याच हातात परत ठेवत होता. मला कधीकधी त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

एका रविवारी मी शेवटचं म्हणून सांगितलं, पोंगल झाला की तुम्ही आमच्याकडे राहायला यायचं, मी खोली तयार करते. ते म्हणाले, "सरी." मी म्हटलं, पुस्तकं सगळी आणू. म्हणाले, "सरी." पलंग तिकडचा नको, नवा घेऊ. "सरी, सरी."

मी हवेत तरंगत घरी आले. खोलीला रंग काढला. पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या मारून घेतल्या. पोंगल झाल्यावर टेम्पो घेऊन एन्नोरच्या दारात उभी राहिले, तर मामंजी खिडकीशी खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेले. एक पुस्तक जागचं हललेलं नाही.

"मामंजी, तुम्ही सरी म्हणाला होतात!"

"म्हणालों." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तूं बोलत होतीस. मी ऐकत होतों."

टेम्पोवाल्याला परत पाठवलं. नवऱ्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "अगं, सरी म्हणजे हो नव्हे. सरी म्हणजे ऐकलं. इतकी वर्षं झाली तुला इथे!"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मामंजी खुर्चीवरून उठून धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसले. मी विचारलं, "एकच सांगा. असं काय दाखवलं म्हणजे तुमचं मत बदलेल?"

त्यांनी प्रश्न टाळला नाही. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "ठाऊक नाही गे. मी शोधून पाहिलें. सांपडत नाही." आणि मग, अगदी निर्मळपणे, "तुझें कशानें बदलेल?"

मीही शोधून पाहिलं. उद्या डॉक्टर म्हणाले असते, यांना हवेने काही झालेलं नाही, तर मी दुसरा डॉक्टर गाठला असता. पण माझं बरोबर होतं. मी बरोबर आहे हे मला आजही पक्कं ठाऊक आहे, आणि त्याने काहीही झालं नाही. मोकळं मन म्हणजे काय याबद्दल लोक गोड गोड बोलतात तेव्हा मला ती जमीन आठवते. दोन माणसं, दोघंही ऐकायला तयार, दोघांचंही एकमेकांवर प्रेम, आणि कुणीही जागचं हलू शकत नाही.

त्यानंतर मी तो विषय काढणं सोडलं. पुढे त्यांना हलवायचीच सोय राहिली नाही. पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि मीच माझी बॅग घेऊन एन्नोरला राहायला गेले. डॉक्टर म्हणाले, आता हवा बदलून फारसा फरक पडणार नाही. रंगवलेल्या खोलीत आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलो.

शेवटच्या दुपारी वारा फार होता. यंत्र घरघरत होतं, आणि त्यांना एकेक श्वास ओढून आणावा लागत होता. उशीवर राखेचा बारीक थर बसलेला मला दिसला. मी खिडकीपाशी गेले.

"मामंजी, खिडकी लावू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावरचा मास्क जरासा बाजूला केला.

"सरी," म्हणाले.

कडीवर हात ठेवून मी उभी राहिले. लाव, असं होतं ते? की नुसतं, ऐकलं? पुन्हा विचारायला वळले तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मी खिडकी लावली. पुढे ते बोलले नाहीत, आणि संध्याकाळी गेले.

नवरा अंबत्तूरहून पोचला तोवर सगळं संपलं होतं. तो त्यांच्या पायांशी बसला. मग त्याने मान वर करून बंद खिडकीकडे पाहिलं. त्या घरात ती बंद असलेली त्याने जन्मात पाहिली नसावी.

"अप्पांनी लावू दिली?"

"मी विचारलं. सरी म्हणाले."

त्याचा चेहरा एकदम विरघळला. "म्हणजे पटलं त्यांना शेवटी," तो रडत म्हणाला. "तुझं पटलं. हो ना?"

सरी म्हणजे काय ते मला यानेच शिकवलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सरी," मी म्हटलं.