स्टोव्हवरचा हात

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भानामती, अंगात येणं असा विषय निघाला की पोरांना झापणारा मास्तर मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे... पण लिहितो.

साल २००९, चामोर्शी. माझी मुलगी सना तेव्हा सहा वर्षांची, आणि तिला दमा. श्वास भरून आला की तिला मोटरसायकलवर माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसवून गडचिरोलीला न्यायचं. तिथे वाफेचं औषध मिळालं की पोर शांत व्हायची. डॉक्टर म्हणाले, ते वाफेचं मशीन, नेब्युलायझर, घरीच ठेवा. चंद्रपूरचा दुकानदार पंधरा दिवस लागतील म्हणाला. मला तेवढा धीर नव्हता, म्हणून ऑनलाइन मागवायचं ठरवलं.

इथे माझ्या अब्बांबद्दल सांगायला हवं. ते आठवडी बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायचे, विकायचेही. त्यांची एक खोड होती. सौदा झाला तरी स्टोव्हवरचा हात काढायचे नाहीत.

"बाई, काय म्हणलो मी? सांगा बरं."

समोरची बाई वैतागून म्हणायची, "जळत्या स्टोव्हात राकेल नाई टाकायचं, अन् पिन मारल्याबिगर पंप नाई मारायचा. झालं का भाऊ? द्या आता!"

मगच हात निघायचा. फार पूर्वी त्यांच्याकडून नेलेल्या एका स्टोव्हने कोणीतरी भाजलं होतं. त्याबद्दल ते घरीही बोलत नसत. मला मात्र शेजारी बसून हे सगळं ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. २००९ साली अब्बांना जाऊन चार वर्षं झाली होती.

तर, बसस्टँडजवळचा नेट कॅफे, दुपारचे चार. कॅफेवाल्या प्रशांतच्या मदतीने मी मशीन निवडलं. शेवटी ती चौकट आली — मला सर्व अटी मान्य आहेत. खाली बारीक इंग्रजीत न संपणारा मजकूर.

"टिक मारा सर, ते कोणीच वाचत नाई," प्रशांत म्हणाला.

मी क्लिक करायला गेलो... बोट खाली जाईना. माऊसवर माझा हात होता, आणि माझ्या हातावर वजन. कोमट, खरखरीत. दुखत नव्हतं. कुणी नुसता हात ठेवावा, तेवढंच. मी जोर लावला, तरी नाही.

"प्रशांत, माऊस अडकला बघ."

त्याने येऊन टिक मारली, पुन्हा काढून दाखवली. "चांगला तं चालून राह्यला." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "सर, राकेलचा वास काऊन येऊन राह्यला इथी?"

कॅफेत रॉकेल नव्हतं. वास मलाही येत होता. अब्बांच्या शर्टाला यायचा तोच.

मी माऊस सोडला आणि वाचायला लागलो. पाऊण तास गेला. पार खालच्या एका अटीत लिहिलं होतं — हे मॉडेल परदेशातल्या कमी व्होल्टेजसाठी आहे, वेगळा कन्व्हर्टर न लावल्यास जळू शकतं, जबाबदारी ग्राहकाची. वर मशीनच्या फोटोपाशी यातलं एक अक्षर नव्हतं. आणि मी ते सनाच्या तोंडाला लावणार होतो.

ती ऑर्डर दिली नाही. दुसरं मशीन शोधलं, त्याच्याही अटी वाचल्या, आणि पुटपुटत एकेक स्वतःलाच परत सांगितली. मग टिक मारली. बोट सहज खाली गेलं.

घेणाऱ्याने अटी मान्य कराव्यात का? कराव्यात, असंच मी म्हणेन. अब्बाही करून घ्यायचेच. पण समोरच्याला कळलं का, हे ते विचारायचे. त्या चौकटीला फक्त टिक हवी असते, आणि याचा मला अजूनही राग येतो.

बोटाचं म्हणाल तर... ते आखडलं असेल, मन कचरलं असेल. वासाचं कारण मात्र आजवर सापडलेलं नाही. तो प्रशांतलाही आला होता.

सना आता नोकरीला लागली आहे. मी फोनवरून काय काय मागवत असतो. खरं सांगतो, कधीकधी अटी मुद्दामच वाचत नाही. अंगठा चौकटीवर नेतो आणि थोडा वेळ थांबतो... अजून एकदाही कोणी अडवलं नाही.