क्लोरीनचा तास आणि पल्लवीची आई

लिहू की नको, हे दुपारपासून ठरत नव्हतं. पण इथं बरेच शिक्षक आहात, म्हणून लिहिते.

मी बारामतीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आज एफवायच्या वर्गात क्लोरीन होता. मुलं पेंगत होती. म्हणून फळ्यावरचं समीकरण सोडून म्हटलं, "घरी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर असते ना? दोन्ही एकत्र करून बाथरूम कधीच धुऊ नका. त्यातून हाच विषारी वायू निघतो."

वर्ग एकदम जागा झाला. भराभर प्रश्न आले. मला फार बरं वाटलं.

तास संपला तरी कन्हेरी गावाहून येणारी पल्लवी बाकावरच बसून होती. जवळ गेले, तर म्हणाली, "मॅडम, माझी आई अशीच गेली. डाग निघंनात म्हणून तिनं दोन्ही एकत्र टाकलं. दार बंद होतं. तिला दमा होता, म्हणून दम्यानंच गेली असं आमी समजत होतो."

मी तिचा हात धरला.

"ही रिॲक्शन बारावीला होती, मॅडम. आई गेली तवा मला तोंडपाठ होती. पण ती आमच्या बाथरूममधली हाय, हे कुणीच सांगितलं न्हाय."

तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठं ती रडली.

समीकरण जुळवायला आपण सगळेच शिकवतो. ते घरात कुठं घडतं, हे सांगायला आपल्याला वेळ का मिळत नाही?

उद्या पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. पल्लवीला काय सांगू?